सत्तावीस नव्वे दोनशे एकोणपन्नास?

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत कृष्णमूर्ती पद्धतीच्या प्रश्नकुंडलीवर, म्हणजे पृच्छकाने (प्रश्न विचारणाऱ्याने) दिलेल्या आकड्यावरून मांडायच्या कुंडलीवर, लेख आला आहे. हरवलेली वस्तू, अडकलेले पैसे, रखडलेली बदली असल्या रोजच्या प्रश्नांना ही कुंडली कशी लावायची, हे सांगण्याचा त्याचा हेतू. विषय घेतलात हे बरे केलेत. पण लेखात म्हटले आहे की नक्षत्रे २७, प्रत्येकाचे भाग ९, म्हणून आकडे १ ते २४९. सत्तावीस नव्वे दोनशे त्रेचाळीस होतात. उरलेले ६ कुठून आले याचा लेखात पत्ता नाही, आणि ज्याला ते ठाऊक नाही त्याचे पुढचे सगळे गणित अंदाजपंचे चालते.

नक्षत्र १३ अंश २० कलांचे, म्हणजे ८०० कलांचे. त्याचे ९ भाग सारखे नसतात, विंशोत्तरी दशेत (नऊ ग्रहांना वाटून दिलेल्या १२० वर्षांत) ज्या ग्रहाला जितकी वर्षे त्या प्रमाणात असतात. १२० वर्षांत शुक्राची २०, म्हणून त्याचा भाग २ अंश १३ कला २० विकला. रवीची वर्षे ६, त्याला जेमतेम ४० कला. मंगळ आणि केतू प्रत्येकी ४६ कला ४० विकला. या भागाच्या मालकाचे पुस्तकी नाव उपनक्षत्रस्वामी, बोलताना सगळे 'सब'च म्हणतात. आता राशीची हद्द दर ३० अंशांना येते. रवीची तीन नक्षत्रे, म्हणजे कृत्तिका, उत्तरा फाल्गुनी, उत्तराषाढा, आणि गुरूची तीन, म्हणजे पुनर्वसू, विशाखा, पूर्वाभाद्रपदा, यांत ही हद्द एका सबच्या पोटातून जाते. रवीच्या नक्षत्रांत राहूचा सब चिरला जातो, गुरूच्या नक्षत्रांत चंद्राचा. मंगळाची नक्षत्रेही दोन राशींत वाटलेली आहेत, पण तिथे हद्द नेमकी शनीचा सब संपतो तिथेच येते, त्यामुळे काही तुटत नाही. सहा सब तुटले, सहा आकडे वाढले. म्हणून आकडा २२ आणि आकडा २३ दोन्ही कृत्तिकेतले, दोन्ही राहूच्या सबमधले, पण २२ मेषेत आणि २३ वृषभेत. एकाचा लग्नेश, म्हणजे लग्नाच्या (पहिल्या घराच्या) राशीचा मालक, मंगळ, दुसऱ्याचा शुक्र.

ही चूक दोन ओळींत दुरुस्त होईल. लेखाने वाचकाची जी समजूत करून दिली आहे तिला जरा जास्त जागा लागेल, म्हणून पत्र लांबले आहे. आकडा मनात धरा, मोबाइलमध्ये टाका आणि 'हो' की 'नाही' ते वाचा, असा लेखाचा सूर आहे. प्रश्नकुंडली फसते ती बहुतेक वेळा ग्रहांपर्यंत पोचण्याच्या आधीच, प्रश्न विचारताना.

लेखातलाच नमुना घ्या. 'घर विकून दुसरे घ्यावे का?' हा एक प्रश्न दिसतो, पण यात तीन आहेत. विकण्यासाठी कुंडलीतली ३, ५ आणि १० ही घरे बघतात. चौथे आपली वास्तू, तिसरे तिचे व्ययस्थान (तिच्यापासून बारावे), म्हणजे वास्तू हातची सुटणे. दहावे हे सातव्यापासून (समोरच्या माणसाच्या घरापासून) चौथे, म्हणजे गिऱ्हाइकाला मिळणारी वास्तू, आणि पाचवे सातव्यापासून अकरावे, त्याचा लाभ. विकत घेण्यासाठी ४, ११ आणि १२ बघतात: वास्तू, इच्छापूर्ती आणि गाठीचे सुटणारे पैसे. ही दोन त्रिकुटे एकाच कुंडलीत शोधायला बसलात तर होकार सापडणारच, कारण १२ पैकी ६ घरे आधीच आपल्या बाजूला ओढून ठेवली आहेत. उरला तिसरा भाग, 'घ्यावे का?' त्याला कुंडलीत घरच नाही. 'होईल का' हे कुंडली सांगते असे शास्त्र मानते. 'करावे का' हा सल्ला झाला आणि तो व्याजाचा, हप्त्यांचा हिशेब जाणणाऱ्या माणसाला विचारावा.

प्रश्न कामाचा व्हायचा तर त्यात कोण, काय आणि केव्हापर्यंत हे तिन्ही हवे. 'मला नोकरी लागेल का?' हा प्रश्न इतका सैल आहे की त्याचे उत्तर कधीच चुकत नाही, आज ना उद्या कुठे तरी लागतेच. 'ज्या ठिकाणी माझी मुलाखत झाली तिथले नेमणूकपत्र या महिनाअखेरपर्यंत मला मिळेल का?' याला उत्तर देणारा अडकतो, आणि अडकलेच पाहिजे. प्रश्न पृच्छकाच्या तोंडच्या शब्दांत कागदावर उतरवून घ्यावा. ज्योतिषाने आपल्या शब्दांत तो 'सुधारून' लिहिला की निम्मा बदलतो.

दुसऱ्यासाठी प्रश्न असेल तर कुंडली फिरवावी लागते, आणि नवशिक्यांची घसरगुंडी इथेच होते. धाकट्या भावाच्या नोकरीचा प्रश्न मोठ्याने विचारला, तर तिसरे घर हे भावाचे लग्न, म्हणजे त्याचे पहिले घर. नोकरीसाठी बघायची २, ६, १०, ११ ही घरे तिसऱ्यापासून मोजली की मूळ कुंडलीत ४, ८, १२ आणि १ होतात. मोजताना तिसरे घर स्वतः 'एक' धरायचे. तिथून पुढचे 'एक' धरले की सगळे एका घराने सरकते. आठवे आणि बारावे दिसले म्हणून तोंड पाडण्याचेही कारण नाही, इथे ती भावाची नोकरी आणि भावाचा हुद्दा आहेत. तसेच नवरा-बायकोपैकी एकाने दुसऱ्याच्या पैशाचे विचारले तर आठवे घर म्हणजे जोडीदाराची शिल्लक. आठव्या घराची जी उगाच भीती लोकांच्या मनात आहे, ती अर्धीअधिक न फिरवलेल्या कुंडल्यांनी घातलेली आहे.

आता आकडा. १ ते २४९ मधला आकडा पृच्छकाने स्वतः द्यायचा, प्रश्न मनात ठेवून, हिशेब न करता. लोक ७ देतात, ११ देतात, २१ देतात, आणि १०८ तर हमखास. हे शुभ म्हणून पाठ असलेले आकडे आहेत, त्यात त्या क्षणाचे काही नाही. असा आकडा आला तर निमूटपणे बाजूला ठेवून चिठ्ठी काढायला सांगावे. ज्याला तक्ता पाठ आहे त्याने स्वतःच्या प्रश्नाला स्वतः आकडा द्यायचा नाही. कुठला सब कुठे हे त्याला माहीत असते, मन आपसूक सोयीच्या आकड्याकडे जाते. त्याने वेळेवरून कुंडली मांडावी किंवा दुसऱ्या कोणाकडून चिठ्ठी काढून घ्यावी.

आकड्यावरून फक्त लग्न ठरते: त्या सबचा आरंभबिंदू. बाकीचे भावारंभ, म्हणजे घरांचे आरंभबिंदू, त्या लग्नावरून, कुंडली मांडणारा जिथे बसला आहे तिथल्या अक्षांशावर काढायचे. ग्रह घ्यायचे ते ज्योतिषी उत्तर द्यायला बसतो त्या वेळचे. पृच्छकाने चार दिवसांपूर्वी निरोपातून आकडा पाठवला असला तरी ग्रह आजचे. लेखात 'जन्मस्थळ निवडा' असे लिहिले आहे. प्रश्नकुंडलीशी जन्मस्थळाचा काही संबंध नाही.

लेखात सुचवलेले अ‍ॅप वापरायचे तर वापरा, पण आधी त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन चार गोष्टी बघा. अयनांश (राशिचक्राचा आरंभ ठरवणारी दुरुस्ती) कृष्णमूर्ती हवा. बहुतेक अ‍ॅप उघडताना लाहिरी घेऊन येतात, आणि दोहोंत साधारण ६ कलांचा फरक आहे. ६ कला म्हणजे काहीच नाही असे वाटेल, पण रवीचा सब सगळा मिळून ४० कलांचा, त्याच्या कडेला ग्रह असला की मालक बदलतो आणि उत्तर उलटते. भावसाधन (घरांच्या हद्दी काढण्याची रीत) प्लॅसिडस हवे. 'एक राशी एक घर' अशी मांडणी असेल तर भावारंभच नसतात, मग भावारंभाचा सब बघणार कशाचा? तिसरे, स्थळ. वेळेवरून मांडलेल्या कुंडलीत रेखांशाचा १ अंश चुकला की ४ मिनिटे चुकतात आणि लग्न सरासरी १ अंशाने सरकते. आकड्याच्या कुंडलीत लग्न आधीच ठरलेले असते, तिथे रेखांशाने भावारंभांना धक्का लागत नाही, अक्षांशाने लागतो. चौथे, राहू मध्यम (सरासरी गतीचा) की स्पष्ट (प्रत्यक्ष स्थानाचा) हे एकदा ठरवून कायम तेच ठेवा. दोहोंत दीड अंशाच्या आसपास अंतर पडू शकते.

वाराचीही एक गंमत आहे. मोबाइलचा वार रात्री बाराला बदलतो, ज्योतिषाचा सूर्योदयाला. पहाटे ४ वाजता मंगळवार लागला असे मोबाइल म्हणेल, पण वारेश, म्हणजे वाराचा स्वामी, तेव्हा चंद्रच असतो. रुलिंग ग्रह, म्हणजे प्रश्नाच्या वेळचे लग्न, चंद्र आणि वार यांचे स्वामी, काढताना ही चूक फार होते.

कुंडली मांडून झाली की पहिली नजर चंद्रावर. पृच्छकाचे मन चंद्र दाखवतो असे ही पद्धत मानते. चंद्राचा प्रश्नाच्या घरांशी काहीच संबंध लागत नसेल, तर प्रश्न सहज गंमत म्हणून आला आहे किंवा मनात दुसरेच काही आहे असे समजून कुंडली बंद करावी. हे धैर्य फार थोड्यांकडे असते. समोर माणूस बसलेला असतो, रिकाम्या हाताने पाठवायचे कसे?

मग मुख्य भावारंभाचा सब. लेखात 'सब चांगल्या घरात असेल तर होकार' असे एका ओळीत उरकले आहे, ते सपशेल चूक. ग्रह कुठे बसला आहे त्याहून तो कोणाच्या नक्षत्रात आहे याला इथे वजन आहे. एखाद्या घराचे कार्येश, म्हणजे त्या घराचे फळ देणारे, ग्रह शोधताना उतरता क्रम असा: त्या घरात बसलेल्या ग्रहाच्या नक्षत्रात असलेले ग्रह सर्वांत बलवान, मग त्या घरात बसलेला ग्रह, मग घराच्या मालकाच्या नक्षत्रात असलेले, आणि शेवटी मालक स्वतः. म्हणजे मालक, ज्याच्यावर जन्मकुंडली बघणारे सगळा भर देतात, तो इथे रांगेत शेवटचा.

समजा नेमणूकपत्राचाच प्रश्न आहे आणि लग्न कुंभ आले. दशमाच्या भावारंभाचा सब बुध निघाला. बुध कन्येत, आठव्या घरात. नवशिका इथेच 'नाही' म्हणून मोकळा होतो. पण बुध हस्त नक्षत्रात आहे, हस्ताचा स्वामी चंद्र. चंद्र धनू राशीत, अकराव्या घरात, आणि कर्क राशी सहाव्या भावारंभी असल्याने तो षष्ठेशही. म्हणजे बुध नक्षत्रस्वामीमार्फत ११ आणि ६ दाखवतो: लाभ आणि नोकरी. उत्तर होकाराचे. शिवाय चंद्र स्वतःच सहाव्याचा मालक असून अकराव्यात आहे, म्हणजे प्रश्नही खरा. याच ठिकाणी नक्षत्रस्वामीने १, ५, ९ ही घरे दाखवली असती तर उलटे उत्तर आले असते, कारण ती अनुक्रमे २, ६ आणि १० यांची व्ययस्थाने आहेत. अशी व्ययाची विरोधी घरे पाठ करायची गरज नाही, हव्या असलेल्या प्रत्येक घराच्या मागचे एक घर बघितले की ती सापडतात.

उसने दिलेले पैसे परत येतील का, हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो आणि सगळ्यांत जास्त चुकतो. बघायचे २, ६, ११. दुसरे आणि अकरावे कोणालाही पटते, सहावे पाहून लोक गोंधळतात, कारण ते कर्जाचे घर म्हणून ठाऊक असते. पण सहावे हे सातव्याचे व्ययस्थान, समोरच्याच्या खिशातून जाणे. त्याच्याकडून गेल्याशिवाय आपल्याकडे येणार कसे? सब ८ आणि १२ दाखवत असेल तर पैसे बुडाले असे वाचतात. त्यात ११ सुद्धा असेल तर काही भाग मिळतो असे मानतात, मात्र किती भाग हे कुंडली सांगत नाही. 'साठ टक्के मिळतील' असे सांगणारा मनचे सांगतो.

वक्री, म्हणजे उलट चालणाऱ्या, ग्रहांबद्दल लेखात जे आहे तेही अपुरे. सब स्वतः वक्री असणे तितके आड येत नाही. तो ज्याच्या नक्षत्रात आहे तो ग्रह वक्री असेल तर तो मार्गी होईपर्यंत काम अडते, असा मूळ नियम. राहू-केतू सदाचेच उलटे चालणारे, त्यांना हा नियम लावत नाहीत. रवी-चंद्र कधी वक्री होतच नाहीत. राहू-केतू सब म्हणून आले तर त्यांच्यासोबतचा ग्रह, त्यांच्यावर दृष्टी असलेला ग्रह, नक्षत्रस्वामी आणि राशीस्वामी असे चौघे तपासायचे. अ‍ॅप बहुधा शेवटचे दोनच दाखवते.

'केव्हा' हा भाग सगळ्यांत कच्चा. प्रश्नाच्या मुदतीला शोभेल अशी पट्टी घ्यावी लागते, इंचाचे काम मैलाने मोजून होत नाही. काही मिनिटे किंवा तासांचा प्रश्न असेल तर लग्नाची चाल बघतात: एक अंश सरासरी ४ मिनिटांत, एक राशी साधारण २ तासांत. काही दिवसांचा असेल तर चंद्र, जो एका नक्षत्रात सुमारे एक दिवस आणि एका राशीत सव्वादोन दिवस असतो. आठवडे-महिन्यांचा असेल तर रवी, रोज साधारण एक अंश. वर्षांचा असेल तरच दशा-अंतर्दशा काढायची. प्रश्नाच्या वेळचे रुलिंग ग्रह, म्हणजे लग्नाचा नक्षत्रस्वामी व राशीस्वामी, चंद्राचा नक्षत्रस्वामी व राशीस्वामी आणि वारेश, हे कार्येशांच्या यादीशी ताडून जे दोन्हीकडे येतात त्यांच्या नक्षत्र-सबमधून ही चाल जाते तेव्हा घटना, असे धरतात. परवा लागणाऱ्या निकालासाठी महादशा काढून बसणारे लोक आहेत, आणि ती दशा सहा ते वीस वर्षांची असते!

याहून जुनी वाट ताजिक नावाच्या पद्धतीची. तिथे सब नाही, आकडा नाही. वेळेवरून कुंडली मांडायची, लग्नेश म्हणजे पृच्छक, ज्या घराचा प्रश्न त्याचा मालक कार्येश. दोघांत शीघ्र ग्रह कमी अंशांवर आणि मंद ग्रह पुढच्या अंशांवर असेल, एकमेकांवर दृष्टी असेल आणि अंतर दीप्तांशांत (ग्रहाच्या तेजाच्या ठरलेल्या अंशांत) बसत असेल तर इत्थशाल: काम होणार. दीप्तांश रवीचे १५, चंद्राचे १२, मंगळाचे ८, बुध आणि शुक्राचे ७, गुरू आणि शनीचे ९. चंद्र ८ अंशांवर आणि शनी १४ वर असेल तर इत्थशाल, आणि चंद्र दिवसाला सुमारे १३ अंश जात असल्याने हे ६ अंश तो अकराएक तासांत कापतो. चंद्र १६ वर आणि शनी १४ वर असेल तर ईसराफ, वेळ निघून गेली. ३-११, ५-९ ही स्नेहाची दृष्टी, ४-१० आणि १-७ शत्रुत्वाची, तर २-१२ आणि ६-८ मध्ये दृष्टीच नाही. दृष्टी नसेल तेव्हा दोघांच्या मधून जाणारा शीघ्र ग्रह, बहुधा चंद्र, एकाचे तेज दुसऱ्याला पोचवत असेल तर नक्त योग. काम परस्पर होत नाही, मध्यस्थ घालावा लागतो. व्यवहारी प्रश्नात नक्त फार उपयोगी, कारण 'होईल का' बरोबर 'कोणामार्फत' हेही तो सुचवतो.

पण ही वाट आणि कृष्णमूर्तींची वाट एकाच कुंडलीत मिसळू नयेत. लेखाने तेच केले आहे: सब नकार देतो म्हणून इत्थशाल शोधला, तोही नाही म्हणून चंद्राचे नक्षत्र शुभ काढले. तीन पद्धती लावल्या की एक तरी हवे ते बोलतेच. कुठली वापरायची ते प्रश्न ऐकण्याच्या आधी ठरलेले असावे.

हीच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारण्याची. सकाळी नकार आला म्हणून दुपारी दुसरा आकडा, मग रात्री तिसरा. नियम एवढाच की पहिली कुंडली खरी. परिस्थितीत खरोखर काही नवे घडले, जसे नवे पत्र आले किंवा गिऱ्हाईक बदलले, तर नवा प्रश्न घेता येतो. काळजी वाढली हे नवे घडणे नव्हे.

हरवलेल्या वस्तूंबद्दल मात्र जरा सविस्तर लिहायला हवे, कारण इथे शास्त्राच्या नावाने माणसांचे नुकसान होते. चीजवस्तूसाठी दुसऱ्या भावारंभाचा सब बघतात. तो २, ६, ११ दाखवत असेल तर सापडेल, ८, १२ असेल तर नाही, आणि चौथे घर जोडलेले असेल तर वस्तू घरातच. वेळेवरून मांडलेल्या कुंडलीला षट्पंचाशिका या जुन्या प्रश्नग्रंथातला नियम लावता येतो: लग्न स्थिर राशीचे (वृषभ, सिंह, वृश्चिक, कुंभ) असेल तर वस्तू जागची हललेली नाही. लग्नाचा द्रेष्काण (राशीच्या तीन भागांपैकी एक) पहिला, म्हणजे ० ते १० अंश, तर दाराजवळ. दुसरा तर घराच्या मध्यभागी. तिसरा तर मागच्या बाजूला. दिशा राशीवरून: मेष, सिंह, धनू पूर्व, वृषभ, कन्या, मकर दक्षिण, मिथुन, तूळ, कुंभ पश्चिम, कर्क, वृश्चिक, मीन उत्तर. दिशा होकायंत्रावर बघावी, 'सूर्य तिकडून उगवतो' या अंदाजावर नाही. आकड्याच्या कुंडलीला द्रेष्काण लावायचा नाही, कारण तिथले लग्न त्या क्षणाचे नसते.

इथपर्यंत कोणाचे काही जात नाही. किल्ली शोधायला कुठून तरी सुरुवात करायचीच असते. पुढचे घर सातवे, आणि जुन्या नियमांत त्यावरून चोराचे वय, वर्ण, बांधा, तो घरातला की बाहेरचा हे सगळे सांगायची सोय आहे. लेखातही 'चोर ओळखा' असा चौकोन दिला आहे. हा चौकोन छापायला नको होता. सातव्यात शनी आला म्हणून 'वयस्क, सावळा, कष्टाची कामे करणारा' असे वर्णन निघते आणि ते घरात काम करणाऱ्या माणसावर जाऊन बसते. वस्तू पुढे कपाटामागे सापडते, पण त्या माणसावरचा संशय कोणी शब्दांत मागे घेत नाही. चोरीचा संशय असेल तर पोलिसांत जावे. ज्योतिषाने कोणाचे वर्णन करू नये, विचारले तरी करू नये. याच पंगतीत आणखी काही प्रश्न आहेत: गर्भ मुलगा की मुलगी, रोगी जगेल का, शस्त्रक्रिया टाळली तर चालेल का. ग्रंथांत यांचे नियम आहेत म्हणून ते घेणे योग्य ठरत नाही. आजारपणात कुंडलीसाठी थांबलेला एक दिवससुद्धा महाग पडतो.

मग या सगळ्याचा उपयोग किती? रोजचे छोटे प्रश्न घेण्यात एक मोठी सोय आहे. त्यांचे उत्तर खरे ठरले की खोटे हे चार दिवसांत कळते. ही सोय वापरायची असेल तर वही ठेवा. पृच्छकाच्या शब्दांत प्रश्न, तारीख, मिनिटापर्यंत वेळ, ठिकाण, आकडा, बघायची घरे, मुख्य सब, उत्तर आणि मुदत, हे सगळे निकाल लागण्याच्या आधी शाईने लिहायचे. शेवटचा रकाना निकालाचा, तो नंतर भरायचा. घरे आधी लिहिणे सगळ्यांत महत्त्वाचे, कारण निकाल कळल्यावर कुठले घर 'खरे तर' बघायला हवे होते हे सगळ्यांनाच सुचते. पन्नास प्रश्न झाले की मोजा. 'जवळपास बरोबर' असा रकाना ठेवायचा नाही.

मोजतानाही एक खाच आहे. घरात हरवलेल्या किल्ल्या बहुतेक सापडतातच. प्रत्येक वेळी डोळे मिटून 'सापडेल' म्हणणाराही बहुतेक वेळा बरोबर येईल. तेव्हा कुंडलीच्या बरोबर उत्तरांची तुलना त्या डोळे मिटलेल्या माणसाशी करायची, शून्याशी नाही. 'नाही' असे ठाम उत्तर देऊन ते किती वेळा खरे ठरले, हा आकडा वेगळा काढला तर डोळे लवकर उघडतात.

जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये जन्मकुंडल्यांची अशी चाचणी घेतली होती. हुशार मुले आणि बौद्धिक अक्षमता असलेली मुले यांच्या कुंडल्या मिसळून प्रत्येक ज्योतिषाला ४० दिल्या. २७ जणांनी उत्तरे दिली, सरासरी ४६ टक्के बरोबर आली. नाणे उडवून ५० येतात. ती चाचणी प्रश्नकुंडलीची नव्हती, असे म्हणून आमची मंडळी सुटका करून घेतात. मग प्रश्नकुंडलीची घ्या की, कोणी अडवले आहे? हिच्यात तर जन्मवेळ चुकल्याची सबबही सांगता येत नाही. आपल्या वृत्तपत्राला हवे असेल तर वाचकांकडून मुदतीचे प्रश्न मागवावेत, अभ्यासकांची उत्तरे बंद पाकिटात ठेवावीत आणि मुदत संपल्यावर बरोबर-चूक सगळी छापावीत.

दुरुस्तीबद्दल शेवटचे. लेखाखालच्या तक्त्यात ओळी २४३ आहेत आणि वर '१ ते २४९' लिहिले आहे. तुटलेले सब न तोडल्यामुळे २२ पर्यंत तक्ता ठीक आहे, २३ पासून प्रत्येक आकडा चुकीच्या ओळीवर जातो आणि पुढे प्रत्येक तोडीला फरक एकाने वाढतो. आकडा २४३ म्हणजे रेवती नक्षत्रात शुक्राचा सब, तक्त्यात त्यापुढे शनी आहे. २४४ ते २४९ देणाऱ्या वाचकाला तर ओळच नाही. दुरुस्त तक्ता छापताना २२-२३, ६२-६३, १०५-१०६, १४५-१४६, १८८-१८९ आणि २२८-२२९ या सहा जोड्या तपासून घ्याव्यात: प्रत्येक जोडीत नक्षत्र आणि सब तेच, राशी मात्र वेगळी हवी. तोवर ज्यांनी तो तक्ता कापून ठेवला आहे, त्यांनी २२ च्या पुढचे एकही उत्तर त्यावरून काढू नये.

आपला नम्र,
प्रश्नशास्त्राचा एक अभ्यासक